चर्चमधून घरात: आइसलँडचा उपवासकाळ आणि ईस्टर

आजचा विषय आइसलँडमधल्या ईस्टरचा. नुसत्या ईस्टरच्या रविवाराचा नव्हे, तर त्याच्या आधीच्या उपवासकाळाचा, उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या दोन खादाड दिवसांचा, राखेच्या बुधवाराचा, आणि या सगळ्यांच्या शेजारी येऊन बसलेल्या एका जुन्या, बिगर-ख्रिस्ती सणाचाही. सणांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा धर्मगुरू काय करतात, प्रार्थनामंदिरात काय होतं, ते सांगतो. इथे आपल्याला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. प्रार्थनामंदिरातून विधी काढून घेतले, वरून राजाने सुट्ट्या कापल्या, हवामानाने रस्ते बंद केले, तर मग सण राहतो कुठे? आइसलँडचं उत्तर आहे: घरात. आणि घरातही नेमक्या तीन ठिकाणी. ताटात, बोलण्यात आणि संध्याकाळच्या वाचनात.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू या. 1703 साली तिथे शिरगणती झाली, माणूस न् माणूस नावानिशी लिहून काढलेला. आकडा आला 50,358. एवढ्या मोठ्या बेटावर एवढीच माणसं, आणि गाव म्हणावं असं जवळजवळ एकही नाही. सगळ्या सुट्या वाड्या. दगड आणि गवताळ मातीच्या ढेपांच्या भिंतींची घरं. एका घरातून दुसऱ्या घरी जायचं तर मध्ये नदी, बर्फ, नाही तर लाव्हाचं माळरान. अशा देशात 'वसंतातला सण' म्हटलं की आपल्या मनात फुलं येतात, ती आधी काढून टाकावी लागतात. ईस्टरच्या सुमारास तिकडे हमखास एक हिमवादळ येतं, आणि त्याला स्वतःचं नाव आहे: पाउस्काहरेत, म्हणजे ईस्टरची थंडीची झोड. पेन्टेकॉस्टच्या वेळच्या झोडीला आणखी वेगळं नाव. गंमत म्हणजे धर्माची पंचांगं आणि हवेची पंचांगं त्या भाषेत अशी एकमेकांत विणली गेली आहेत की एक उसवली तर दुसरी सुटावी. राखेच्या बुधवाराला अठरा भाऊ असतात, अशीही तिथली समजूत. त्या दिवशी जशी हवा, तशीच पुढचे अठरा दिवस.

आता थोडं मागे जाऊ. इसवी सन 1000 च्या सुमारास थिंगवेट्लिरच्या मैदानात, आल्थिंग या लोकसभेत, आइसलँडरांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तोही एक तडजोड म्हणून. निवाडा देणारा थोरगेइर हा स्वतः जुन्या देवांना मानणारा होता. त्याने सांगितलं, सगळ्यांचा कायदा एक आणि धर्म एक. पण घोड्याचं मांस खायची मुभा काही काळ राहील, आणि कुणी लपूनछपून जुन्या देवांना बळी दिला तर तो गुन्हा नाही, फक्त साक्षीदार नकोत. पुढे ही मुभा गेली. पण एक धागा लक्षात ठेवू: पहिल्याच दिवशी प्रश्न आला तो ताटातल्या मांसाचा. बाराव्या शतकात ख्रिस्ती कायद्याचं प्रकरण तयार झालं, त्यात कोणत्या दिवशी काम बंद, कोणत्या दिवशी मांस वर्ज्य, याचे बारीक नियम होते आणि मोडणाऱ्याला शिक्षाही होती.

आणि हे उपवास तिथे वेगळ्याच अर्थाने लोकांच्या अंगवळणी पडले. आइसलँडमध्ये फेब्रुवारी-मार्च म्हणजे कोठार रिकामं व्हायची वेळ. शरद ऋतूत कापलेल्या मेंढ्यांचं मांस संपत आलेलं, गायी आटलेल्या. त्याच वेळी दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर कॉड माशाचा हंगाम भरात असतो. तो फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून 11 मेपर्यंत चालायचा, आणि घराघरांतले पुरुष महिनोन्‌महिने किनाऱ्यावरच्या खोपट्यांत राहायला जायचे. ईस्टरच्या आसपास मासळी भरभरून लागते, त्यालाही त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे. तर चर्च म्हणतं मांस खाऊ नका, मासे खा. आणि निसर्गही तेच म्हणतो. उपवास पाळणं सोपं झालं, ते धर्मनिष्ठेमुळे की टंचाईमुळे, हे वेगळं काढता येत नाही. आमच्या मते ते काढायचा अट्टाहासही करू नये.

मग आली धर्मसुधारणा. आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात. राजा ल्युथरपंथी झाला, तेव्हा देशही व्हायला हवा. उत्तरेतल्या होलारचा कॅथलिक बिशप योन आरासन याने विरोध केला. 7 नोव्हेंबर 1550 या दिवशी स्काउलहोल्ट इथे त्याचा आणि त्याच्या दोन मुलांचा शिरच्छेद झाला. (बिशपला मुलं कशी, असं विचाराल. रोमपासून इतक्या लांब ब्रह्मचर्याचा नियम फार सैल झाला होता.) इथून पुढे आपला खरा विषय सुरू होतो. कारण ल्युथरच्या शिकवणीत सक्तीचा उपवास नाही, कपाळाला राख नाही, पवित्र पाण्याचा शिडकावा नाही. म्हणजे उपवासकाळातलं डोळ्यांना दिसणारं, हाताला लागणारं जवळजवळ सगळं चर्चमधून बाहेर गेलं.

बाहेर गेलं, पण नाहीसं झालं का? शब्द बघा. पवित्र सप्ताहाला आइसलँडी भाषेत आजही दिम्बिलविका म्हणतात. दिम्बिल म्हणजे काय? कॅथलिक काळात त्या आठवड्यात घंटेचा खणखणीत आवाज करायचा नाही, शोकाचे दिवस. म्हणून लोखंडी लोळीऐवजी लाकडी बसवायची, किंवा लाकडाचंच काही वाजवायचं. तो दबका आवाज करणारं साधन म्हणजे दिम्बिल. साधन जाऊन साडेचारशे वर्षं झाली, आठवड्याचं नाव राहिलं. हा शब्द सहज वापरणाऱ्या किती जणांना त्यातली लाकडी लोळी दिसत असेल?

याहून मजेदार गोष्ट मांसाची. ल्युथरपंथी पाद्री सांगून थकले की बाबांनो, मांस खाल्लं तरी पाप नाही. तरी पुष्कळ घरांत उपवासकाळात मांस टाळायचे, आणि कुठे कुठे तर 'मांस' हा शब्दही तोंडातून काढायचा नाही असा दंडक. मग बोलायचं कसं? त्याला म्हणायचे क्लोइफ्लाक्स. लाक्स म्हणजे सामन मासा, आणि पहिला भाग म्हणजे खूर. खूर असलेला सामन! आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात, त्यातलाच प्रकार. नियम चर्चचा नव्हता, पाद्र्याचा नव्हता, राजाचा तर नव्हताच. शब्द चुकला तर टोकायला घरातलीच माणसं. आजी, गडी, पोरं.

तर हे झालं बोलणं. आता वाचनाकडे येऊ, कारण आइसलँडच्या उपवासकाळाचा गाभा तिथे आहे. आणि त्यासाठी एका माणसाची गोष्ट जरा सावकाश सांगावी लागेल.

हाल्ग्रीमूर प्येटुर्सन. जन्म 1614. लहानपण उत्तरेत, होलारच्या बिशपपीठाजवळ. पोरगा हुशार पण वांड. घर सोडून परदेशी गेला आणि कोपनहेगनमध्ये लोहाराच्या हाताखाली काम करू लागला. आख्यायिका अशी की पुढे बिशप झालेला ब्रिन्योल्फुर स्वेइन्सन रस्त्यावरून जात असताना त्याला लोहारशाळेतून अस्सल आइसलँडी शिव्या ऐकू आल्या, आणि त्याने या पोराला उचलून शाळेत घातलं. शिव्यांचं खरं-खोटं सोडून देऊ. ब्रिन्योल्फुरने त्याला शाळेत घातलं हे पक्कं.

1627 साली उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांनी आइसलँडवर धाड घातली होती. दक्षिणेकडच्या वेस्टमान बेटांवरून सुमारे अडीचशे माणसं धरून अल्जीअर्सच्या बाजारात विकली. त्यांत एका कोळ्याची बायको होती, गुदरीदुर सीमोनारदोत्तिर. जवळजवळ दहा वर्षांनी, 1636 मध्ये, मोजक्या लोकांची खंडणी भरून सुटका झाली आणि त्यांना कोपनहेगनला आणलं. इतकी वर्षं मुसलमानी मुलखात काढलेली ही माणसं ख्रिस्ती धर्म विसरली असतील, म्हणून त्यांना पुन्हा शिकवायला आइसलँडी बोलणारा मास्तर हवा होता. बावीस वर्षांच्या हाल्ग्रीमूरची नेमणूक झाली. वर्गात गुदरीदुर. ती त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठी. धर्मशिक्षण किती झालं माहीत नाही, पण ती गरोदर राहिली. हाल्ग्रीमूरची शाळा सुटली, 1637 मध्ये दोघं आइसलँडला परतली. तिचा पहिला नवरा दरम्यान वारला होता, म्हणून व्यभिचाराच्या कडक शिक्षेतून सुटली. लग्न झालं, आणि पुढची काही वर्षं हा भावी महाकवी किनाऱ्यावर मजुरी करत होता. गुदरीदुरच्या मागे लोकांनी कायमचं टोपणनाव लावलं, तुर्कांची गुद्दा. तिच्याबद्दल लोककथांतून बरंच वाईट बोललं गेलं, ते तिला फार अन्यायाचं आहे असं आम्हाला वाटतं.

1644 मध्ये ब्रिन्योल्फुर, आता स्काउलहोल्टचा बिशप, पुन्हा मदतीला आला आणि हाल्ग्रीमूरला ह्वाल्सनेस या खडकाळ किनारपट्टीवर पाद्री म्हणून दीक्षा दिली. तिथे 1649 मध्ये त्याची चिमुकली मुलगी स्टेइनुन गेली. तिच्या थडग्याचा दगड बापाने स्वतःच्या हाताने कोरला, आणि तो दगड आजही ह्वाल्सनेसच्या चर्चमध्ये आहे. 1651 मध्ये तो ह्वालफ्योर्दुर खाडीवरच्या सोयरबाईर इथे गेला, आणि तिथे 1650 च्या दशकाच्या उत्तरार्धात पासीउसाउल्मार लिहिले. ख्रिस्ताच्या दुःखभोगावरची पन्नास स्तोत्रं. गेथशेमाने बागेपासून कबरीपर्यंतची कथा, टप्प्याटप्प्याने. प्रत्येक स्तोत्रात आधी प्रसंग, मग त्या प्रसंगाने ऐकणाऱ्याला काय विचारायचं ते. भाषा घरातली. पाद्री बोलतो आहे असं वाटत नाही, दुखावलेला माणूस बोलतो आहे असं वाटतं.

1661 च्या मे महिन्यात त्याने स्वहस्ते लिहिलेली एक प्रत बिशपच्या मुलीला, राग्नहेईदुरला, पाठवली. ती तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती. त्याच महिन्यात तिच्यावर एका तरुण पाद्र्याशी संबंध असल्याची कुजबुज होती, म्हणून बापाने तिला चर्चमध्ये सगळ्यांसमोर कौमार्याची शपथ घ्यायला लावली. शपथेनंतर चाळीस आठवड्यांनी तिला मुलगा झाला. तो तिच्यापासून दूर नेला, आणि 1663 मध्ये ती गेली. हाल्ग्रीमूरने नेमकी तिलाच प्रत का पाठवली, यावर आइसलँडमध्ये नाटकं, कादंबऱ्या झाल्या. आम्ही इतकंच नोंदवतो की पहिल्या वाचकांमध्ये ही मुलगी होती, आणि ती प्रत अजून राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहे. हाल्ग्रीमूर 1674 मध्ये महारोगाने गेला.

स्तोत्रं 1666 मध्ये होलारच्या छापखान्यात छापली गेली आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा निघत राहिली. पण पुस्तक छापणं वेगळं आणि त्याचा सण होणं वेगळं. ते कसं झालं, हे समजायला घराच्या आत जावं लागेल.

आइसलँडच्या वाडीत एक खोली असायची, बादस्तोवा. तिथेच झोपायचं, तिथेच जेवायचं, तिथेच काम. हिवाळ्याच्या संध्याकाळी माशाच्या नाही तर सीलच्या तेलाचा दिवा लावायचा, आणि सगळे आपापल्या बिछान्यावर बसून लोकर पिंजायचे, कातायचे, विणायचे. एक जण वाचायचा. सागा वाचायचा, लांबलचक वीरगीतं म्हणायचा. या संध्याकाळच्या बैठकीला क्वोल्दवाका म्हणतात. आणि ती संपताना हूसलेस्तुर, म्हणजे घरचं धर्मवाचन: एक उपदेश, एक स्तोत्र, प्रार्थना. उपवासकाळ आला की या शेवटच्या वाचनात हाल्ग्रीमूर यायचा. रोज संध्याकाळी एक स्तोत्र. वाचायचं नव्हे, गायचं, जुन्या संथ चालींवर. हात मात्र बहुधा तेवढ्यापुरते थांबत.

इथे हिशेब बघा. चर्चमध्ये वर्षातून काही वेळाच जाता यायचं, आणि हिवाळ्यात तर जाणं नशिबावर. पण स्तोत्रं रोज. लहान मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या कानावरून ती चार-पाचदा गेलेली असायची. पुष्कळ जणांना पन्नासच्या पन्नास पाठ. मेलेल्या माणसाच्या छातीवर हे पुस्तक ठेवून पुरायचीही रीत होती. 1740 च्या दशकात कोपनहेगनहून लुडविग हार्बो नावाचा धर्माधिकारी पाहणीला आला, आणि त्यानंतर मुलांना वाचता येणं, दृढीकरणाआधी प्रश्नोत्तरी पाठ असणं सक्तीचं झालं. पाद्री घरोघर जाऊन तपासू लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीस या गरीब देशात बहुतेकांना वाचता येत होतं. याचं श्रेय राजाच्या हुकमाला देतात, आणि ते द्यायलाही हवं. पण शाळा नव्हत्या, हे विसरू नये. शाळा म्हणजे बादस्तोवा, आणि मास्तर म्हणजे आई नाही तर आजी.

सणाची तारीख कळायची कशी, हाही प्रश्न आहे. ईस्टर चंद्रावर ठरतो, दरवर्षी सरकतो. 1700 साली तर आणखी घोळ: नोव्हेंबरच्या 16 तारखेनंतर थेट 28 उजाडली, कारण देशाने नवं ग्रेगोरियन पंचांग घेतलं. आइसलँडसाठी वेगळं छापील पंचांग निघालं ते थेट 1837 पासून. तोवर? 1739 मध्ये स्काउलहोल्टचे बिशप योन आर्नासन यांनी एक पुस्तक छापलं, बोटांवर पंचांग मोजण्याचं. बोटांच्या पेरांवर आकडे बसवायचे आणि वार, तिथी, ईस्टर काढायचा. आपल्याकडे पेरांवर जप मोजणारी माणसं अजून आहेत, त्यांना हे सांगायला नको. म्हणजे ईस्टर कधी हेसुद्धा घरातल्या कुणाच्या तरी हातावर होतं.

1770 मध्ये राजाने सुट्ट्या कापल्या. कामाचे दिवस बुडतात म्हणून ईस्टर, नाताळ आणि पेन्टेकॉस्ट यांचा तिसरा दिवस रद्द, आणखीही काही सण रद्द. त्यामुळे चर्चचं पंचांग आणखी आटलं. बादस्तोवातलं आटलं नाही.

आता ताट. इथे जरा सावध राहायला हवं, कारण 'प्राचीन परंपरा' म्हणून आज जे दाखवलं जातं त्यातलं बरंच काही नवं आहे. राखेच्या बुधवाराआधीचा सोमवार म्हणजे बोत्लुदागुर, बनपावांचा दिवस. लोणी-दुधाच्या हलक्या बनमध्ये साय आणि मुरंबा भरून वर चॉकलेट. मुलं सकाळी रंगीत कागदाची छडी घेऊन आईबापांना अंथरुणातच फटके मारतात. जितके फटके तितके बन. प्रथा गोड आहे, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्क-नॉर्वेकडून, बहुधा तिकडच्या बेकरीवाल्यांबरोबर आलेली. तोवर देशात गव्हाचं पीठच दुर्मीळ, बन कुठून असणार? दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, स्प्रेंगीदागुर. नावाचा अर्थ लोक लावतात 'पोट फुटेस्तोवर खायचा दिवस'. खारवलेलं मटण आणि पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप. हेही फार जुनं नाही. मीठ महाग होतं, मांस धुरावर नाही तर ताकासारख्या आंबट निवळीत टिकवायचे. पूर्वी त्या दिवशी धुरी दिलेलं मांस असायचं. लोकसंस्कृतीचे अभ्यासक आउर्नी ब्योर्नसन, ज्यांनी आइसलँडच्या सणवारांचा सर्वांत मोठा इतिहास लिहिला, त्यांनी सुचवलं आहे की मुळात हे नाव पोट फुटण्यावरून नसून पवित्र पाणी शिंपडण्याच्या जर्मन शब्दावरून आलं असावं. हे बरोबर असेल तर बघा काय झालं: शिंपडणं चर्चमधून गेलं, शब्द अनाथ झाला, आणि घराने त्याला जेवायला बसवलं.

राखेचं तर याहून सुंदर आहे. बुधवारी कपाळाला राख लावणं बंद झालं. मग ती राख गेली कुठे? बायका-मुलींनी ती इवल्याशा कापडी पिशव्यांत भरली आणि पुरुषांच्या पाठीला नकळत टाचणीने अडकवली. पुरुष बायकांच्या पाठीला बारीक खडे असलेली पिशवी अडकवायचे. ज्याच्या पाठीवर आहे त्याने ती न कळता तीन उंबरे ओलांडले, की अडकवणारा जिंकला. पश्चात्तापाची राख अशी चेष्टेची झाली, तरी ती राखच राहिली, आणि दिवसही तोच राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही प्रथा मागे पडली. नव्या टाचण्या कडक पोलादाच्या, त्या हुकासारख्या वाकत नाहीत, असं एक कारण सांगतात! आता त्या दिवशी मुलं सोंगं घेऊन दुकानादुकानांत गाणी म्हणतात आणि खाऊ मिळवतात. उत्तरेतल्या आकुरेरी गावची ही पद्धत गेल्या काही दशकांत देशभर पसरली.

पवित्र सप्ताहातला गुरुवार स्कीरदागुर, म्हणजे शुद्धीचा दिवस. शुक्रवार फोस्तुदागुरिन लाउंगी, लांब शुक्रवार. ज्याने लहानपणी कडक घरात तो दिवस काढला आहे त्याला नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. ईस्टरच्या पहाटे सूर्य उगवताना पुनरुत्थानाच्या आनंदाने नाचतो, अशी श्रद्धा होती, आणि तो नाच पाहायला माणसं डोंगरावर जायची. ढग नसले तर.

आणि या सगळ्याच्या शेजारी, 19 ते 25 एप्रिलच्या मधल्या गुरुवारी, उन्हाळ्याचा पहिला दिवस. हा जुन्या, ख्रिस्तपूर्व पंचांगाचा. आदल्या रात्री बाहेर ताटलीत पाणी ठेवायचं. गोठलं, म्हणजे हिवाळा आणि उन्हाळा एकमेकांत गोठले, तर यंदा दुधावर साय दाट येणार. मुलांना भेटवस्तू द्यायच्या, आणि ही रीत तिथे नाताळच्या भेटींपेक्षा कितीतरी जुनी आहे. चर्चने या दिवसाशी भांडण केलं नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या दिवशी उपासनाही व्हायची, मग वरून मनाई आली. उपासना थांबली, दिवस चालू राहिला, आणि 1971 पासून तो कायद्याने सुट्टीचा आहे.

विसाव्या शतकात मात्र घरच बदललं. लोक रेक्याविकला आले, बादस्तोवा गेली, लोकर गिरणीत गेली. मग संध्याकाळचं वाचन? 1944 पासून राष्ट्रीय नभोवाणी उपवासकाळात रोज संध्याकाळी एक स्तोत्र वाचून दाखवते. त्याच वर्षी जूनमध्ये देश प्रजासत्ताक झाला. दिव्याभोवती बसणारं घर फुटलं, तेव्हा अख्ख्या देशाला एकच दिवा मिळाला, असं आम्ही म्हणू. गुड फ्रायडेला कित्येक चर्चमध्ये पन्नासही स्तोत्रं सलग वाचतात. सुमारे पाच तास लागतात. रेक्याविकच्या टेकडीवर 74.5 मीटर उंच चर्च उभं आहे, 1986 मध्ये पूर्ण झालेलं, त्याला त्याच महारोगी पाद्र्याचं नाव. आणि आधुनिक कवी स्टेइन स्टेइनार याने एका कवितेला शीर्षक दिलं 'पासीउसाउल्मुर क्रमांक 51'. रेक्याविकजवळच्या टेकडीवर आज एका माणसाला क्रूसावर चढवताहेत, अशी ती कविता. स्तोत्रं पन्नासच आहेत हे प्रत्येक वाचकाला माहीत आहे, म्हणून ते शीर्षक चालतं.

पण इथे अवघड गोष्टही बोलली पाहिजे. या स्तोत्रांत येशूच्या मृत्यूचा दोष यहुद्यांच्या माथी मारणाऱ्या जागा आहेत, त्या काळच्या युरोपात सर्रास होत्या तशा. 2012 मध्ये सायमन वीझेन्थाल सेंटर या यहुदी संस्थेने नभोवाणीला पत्र लिहून हे वाचन थांबवायची मागणी केली. नभोवाणीने ते थांबवलं नाही. हा देशाचा वाङ्मयीन वारसा आहे, अशी भूमिका राहिली. आमचं मत विचाराल तर वाचन बंद करून काही साधलं नसतं. पण बादस्तोवात ऐकणाऱ्यांना यहुदी माणूस कधी भेटणारच नव्हता, आणि 1944 नंतरच्या जगात ते ऐकणं तितकं निरागस राहू शकत नाही. हूसलेस्तुरला शेजारी बसून समजावणारं माणूस असायचं. रेडिओला ते नसतं.

दुसरा वाद कायद्याचा. 1997 च्या कायद्याने गुड फ्रायडे, ईस्टर अशा दिवशी नाच, बाजार, लॉटरी, अगदी बिंगोसुद्धा बंद होतं. वानत्रू या निरीश्वरवादी मंडळाने मग दर लांब शुक्रवारी संसदेसमोरच्या चौकात मुद्दाम बिंगो भरवायला सुरुवात केली. थंडीत कुडकुडत आकडे पुकारायचे, कॉफी प्यायची, आणि पोलीस येतात का ते बघायचं. 2019 मध्ये आल्थिंगने हे निर्बंध काढून टाकले. 1990 च्या दशकात दहांतले नऊ जण राष्ट्रीय चर्चचे सभासद होते, आता प्रमाण 60 टक्क्यांच्याही खाली आलं आहे. तेव्हा हे व्हायचंच होतं. बंदी उठली म्हणून लांब शुक्रवार संपला नाही. तसाही कितीतरी वर्षांपासून लोकांचा ईस्टर स्कीच्या उतारांवर जातो. इसाफ्योर्दुरला 1935 पासून ईस्टरचा स्की-आठवडा आहे, आणि 2004 पासून त्याच दिवसांत फुकट संगीतमहोत्सवही.

शेवटी अंड्याबद्दल, कारण प्रश्न येणारच. ईस्टरचं अंडं आइसलँडला जुनं नाही. कोंबड्याच फार थोड्या होत्या. चॉकलेटची अंडी 1920 च्या सुमारास आली, तीही डेन्मार्कच्या वाटेने. वर पिवळं पिल्लू, आत गोळ्या-चॉकलेटं. पण तिथे आल्यावर अंड्यात आणखी एक वस्तू गेली: कागदाची चिठ्ठी, तिच्यावर एक जुनी म्हण. रविवारी सकाळी अंडं फोडलं की आधी चिठ्ठी काढायची, आणि प्रत्येकाने आपापली म्हण मोठ्याने वाचून दाखवायची. लहान मुलांना शब्द कळत नाहीत, मग आजी अर्थ सांगते, आणि त्या अर्थावरून टेबलाशी दोघांची तरी जुंपते.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ या.